पुस्तक परत केलं, पण साक्षीदार कोण?

चीनमधल्या शेन्झेन शहरात 2008 साली रस्त्याकडेला ग्रंथालयाची यंत्रं उभी राहिली. काचेआड सुमारे 400 पुस्तकं. कार्ड लावून निवडलं की यांत्रिक हात पुस्तक काढून देणार, अगदी रात्री दोन वाजतासुद्धा. तरीही अशा सोयींकडे बरेच वाचक फिरकत नाहीत. त्यांना तंत्रज्ञान जमत नाही, असं झटकन म्हटलं जातं. हा वाचकांवर अन्याय आहे.

एस. राम आणि जगदीश शेठ या विपणनाच्या अभ्यासकांनी 1989 मध्ये नव्या गोष्टींना होणाऱ्या विरोधामागचे पाच अडथळे मांडले: वापरातली अडचण, फायदा न दिसणं, धोका, रुळलेली रीत आणि मनातली प्रतिमा. ग्रंथालयांपुरतं मला यात धोक्याचं पारडं जड वाटतं.

पुस्तक परत करायची खाच डोळ्यांसमोर आणा. पुस्तक आत सरकवलं, धप्प आवाज आला, झालं. पण नोंद झाली का? नसेल तर दंड कुणाच्या माथी? खिडकीपाशी बसलेला माणूस पुस्तक हातात घेतो, तारीख बघतो, मान हलवतो. तो आपला साक्षीदार असतो.

ही शंका अगदीच निराधार नाही. पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड पातळ आरएफआयडी टॅग चिकटवलेला असतो: बारीकशी चिप आणि धातूची चपटी वेटोळी. बॅटरी नाही. यंत्राच्या 13.56 मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक कळवते. पण दोन पातळ पुस्तकं एकावर एक ठेवली आणि वेटोळी नेमकी जुळली, तर दोन्हींची वारंवारता ढळते आणि एखादी चिप गप्प राहू शकते. म्हणूनच टॅग वेगवेगळ्या जागी चिकटवणं चांगलं. आणि यंत्राने हातात पावती दिलीच पाहिजे; त्या चिटोऱ्यात कागदापेक्षा धीर जास्त असतो.

रुळलेल्या रीतीचंही तसंच. आपण वाचनालयात पुस्तक ‘बदलायला’ जातो. जुनं देताना नवं चाळायचं, दोन पानं वाचून परत ठेवायचं, ‘याचा पुढचा भाग आलाय का?’ विचारायचं. काचेआडचं पुस्तक चाळता येत नाही.

सिंगापूरच्या सेंगकांगमध्ये 2002 साली काउंटर नसलेलं ग्रंथालय उघडलं. तिथे कपाटं मात्र उघडीच होती, आणि अडलं तर दूर बसलेल्या ग्रंथपालाशी यंत्रावरून बोलता येत होतं.