बेगमी : घरगुती साठवण व संकटकाळाची तयारी

पुढे येणाऱ्या टंचाईच्या किंवा अडचणीच्या काळासाठी धान्य, सरपण, पैसा आणि इतर गरजेच्या वस्तू घरात आगाऊ भरून ठेवण्याच्या रीतीला बेगमी म्हणतात. पावसाळ्याची बेगमी हे तिचे सर्वांत परिचित रूप आहे. मात्र दुष्काळ, पूर, भूकंप, बँकेवरील निर्बंध किंवा भावांचा भडका अशा प्रसंगी एखादे घर बाहेरच्या पुरवठ्याशिवाय किती दिवस तग धरते, हाही बेगमीचाच प्रश्न आहे. महाराष्ट्र व गोव्यात या रीतीला मोठा इतिहास असून १९७२ नंतरच्या प्रत्येक मोठ्या संकटात तिची कोणती ना कोणती बाजू कसाला लागली आहे.

हंगामी बेगमी : जुनी बेगमी पंचांगावर चालत असे. संकट कधी येणार हे ठाऊक होते, कारण ते दरवर्षी येई. कोकणात मृग लागला की वाटा चिखलाने बंद होत, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि आठवड्याचे बाजार ओस पडत. त्यापूर्वीच्या दिवसांना अगोट म्हणतात. अगोटीत घराघरांत मीठ, मसाला, कुळीथ, आमसुले, आंबोशी, फणसाचे पापड, सुकट, सोडे, सुके बोंबील आणि खारवलेले मासे भरले जात. पडवीत सरपण रचले जाई आणि गुरांसाठी गवताची व पेंढ्याची सोय होई. गोव्यात याच साठवणीला पुरुमेंत म्हणतात आणि मडगावच्या चर्चच्या फेस्तानिमित्त पावसाच्या तोंडावर तिचा बाजारही भरतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असल्यामुळे सुक्या मासळीचा हिशेब आजही त्याच बेताने केला जातो.

देशावर आणि मराठवाड्यात बेगमी मुख्यतः ज्वारीची होती आणि तिचे सर्वांत पक्के साधन म्हणजे पेव. उंचवट्यावरच्या, पाणी न झिरपणाऱ्या जमिनीत अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा खणून त्याला तळाशी व बाजूंना कडब्याचा आणि भुसाचा थर देत. धान्य भरल्यावर तोंडावर दगडी फरशी बसवून ती मातीने लिंपत. आतल्या धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपत जाई आणि किडे आपोआप मरत, त्यामुळे पेवातली ज्वारी काही वर्षे टिके. हाच गुण माणसाच्या जिवावरही उठे. पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवावे लागे. घाईने आत उतरलेला माणूस कोंडलेल्या वायूने गुदमरून दगावल्याच्या घटना गावोगाव सांगितल्या जातात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच तत्त्वावर चालत. २००५च्या महापुराचे पाणी त्यांत शिरल्यानंतर त्यांचा वापर फार घटला.

रोजच्या वापराचे धान्य बांबूच्या, शेणाने सारवलेल्या कणगीत किंवा भिंतीच्या पोटात ठेवलेल्या बळदात असे. दक्षिण कोकणात भात मुडीत बांधत, म्हणजे पेंढ्याच्या आवरणात घट्ट आवळून त्याचा गोल गठ्ठा करत. या साधनांची जागा आता पत्र्याच्या कोठ्यांनी आणि प्लास्टिकच्या पिंपांनी घेतली आहे. त्यांचा एक तोटा आहे : ओलसर धान्य कणगीत थोडेफार वाळे, पत्र्यात मात्र ते घाम धरून बुरसते. म्हणून भरण्यापूर्वी दाणा उन्हात कडक वाळवणे पूर्वीपेक्षा आज अधिक आवश्यक आहे. दाताखाली दाणा कट्‌ कन् तुटला तर तो भरण्याजोगा आणि नुसता चेपला तर आणखी एक ऊन हवे, ही जुनी परीक्षा अजूनही पुरेशी आहे. साठवणीत कडुनिंबाचा वाळका पाला किंवा बिब्बे घालणे, कडधान्याला राख लावणे, तांदळाला व तूरडाळीला एरंडेलाचा हात लावणे हे उपाय सोंडकिडे दूर ठेवण्यास मदत करतात. पीठ साठवू नये; विशेषतः बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. नाचणीला कीड फार कमी लागते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळी आणि डोंगराळ मुलखात तिला मान आहे, त्याचे हे एक कारण आहे.

दुष्काळ आणि बेगमीची मर्यादा : बेगमी हंगामाची गाठ हंगामाशी घालते. सलग दोन-तीन वर्षे पाऊस फिरकला नाही तर तिचा उपयोग संपतो. १९७० ते १९७३ या काळात महाराष्ट्रात हेच झाले. पहिल्या वर्षी कणग्या पुरल्या, दुसऱ्या वर्षी बियाणेही खाल्ले गेले आणि १९७२ साली घरात दाणा उरला नाही. विकत घ्यायला मजुरीही नव्हती. दुष्काळी कामांवर १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत होती. अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा कोरडा पौष्टिक खाऊ, यांची चव त्या पिढीच्या बोलण्यात अजून निघते. भूक धान्य संपल्याने लागते तशी मिळकत संपल्यानेही लागते, हे या दुष्काळाने सरकारला मान्य करायला लावले. १९७७चा रोजगार हमी कायदा त्यातून झाला आणि तो १९७९च्या २६ जानेवारीपासून अंमलात आला. घरगुती तयारीच्या दृष्टीने पाहता, साठ्याइतकेच मिळकतीचे दुसरे साधन महत्त्वाचे ठरते, मग ते शेळी असो, शिलाई यंत्र असो की परगावी नोकरीला असलेला भाऊ.

अचानक येणारी संकटे : पूर, वादळ आणि भूकंप यांना पंचांग नसते, शिवाय ते साठ्यावरच घाला घालतात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, ती बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या थरांचे जड माळवद अंगावर आल्याने. वर्षाची ज्वारी, दागिने आणि कागदपत्रे त्याच ढिगाऱ्याखाली गेली. घर पक्के नसेल तर भरलेली कोठी व्यर्थ, एवढे या एका पहाटेने दाखवून दिले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यांवर राहणाऱ्यांचे धान्य, गाद्या, शाळेचे दाखले आणि रेशनकार्डे एका रात्रीत लगद्यासारखी झाली. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात पाणी कित्येक दिवस ओसरले नाही आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद राहिल्याने भाजी, दूध, गॅस व पेट्रोल या सर्वांचीच टंचाई झाली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी इतक्या झपाट्याने चढले की अनेक दुकानदारांना माल वर नेण्याचीही सवड मिळाली नाही.

पूररेषेतील घरात साठ्याची जागा साठ्याच्या प्रमाणाइतकीच महत्त्वाची असते. माळ्यावर थोडे, खाली थोडे, शक्य असल्यास उंचावरच्या नातेवाइकाकडे थोडे अशी विभागणी अशा घरांना परवडते. सातबारा, घराची कागदपत्रे, आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुके, विम्याचे कागद आणि औषधाच्या चिठ्ठ्या एकाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हाताशी येईल अशा ठिकाणी ठेवाव्या लागतात, कारण नुकसानीचा पंचनामा होताना आणि भरपाई घेताना आधी कागद मागितला जातो. पुरात पाण्याचीच टंचाई होते, ही गोष्ट अनुभव आल्याशिवाय पटत नाही : नळयोजना बंद पडते, विहिरी गढूळ होतात, आणि पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज सुमारे चार लिटर पाणी लागतेच. आठवडाभर पुरेल इतके पाणी झाकणाच्या पिंपात, सोबत क्लोरिनच्या गोळ्या किंवा उकळण्याइतके इंधन, नेहमीच्या औषधांचा महिन्याचा साठा, बॅटरी आणि रेडिओ एवढी तयारी मध्यम घरालाही जड नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ असून तो भिंतीवर लिहून ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी सर्वांत आधी मान टाकते.

विजेच्या बाबतीत निसर्ग चक्रीवादळाचे उदाहरण बोलके आहे. ३ जून २०२० रोजी हे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यावर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील अनेक गावांत वीज कित्येक आठवडे आली नाही. पंप बंद, फ्रीज बंद, मोबाइलचे मनोरे बंद आणि त्यामुळे मोबाइलवरून पैसे देणेही बंद. ज्या घरी चूल, आड आणि दहा-वीसच्या नोटा होत्या, त्या घराचे दिवस तुलनेने सुसह्य गेले. वादळाने नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट केल्या, त्या उभ्या राहायला मात्र काही वर्षे लागणार होती, आणि तेवढ्या काळाची बेगमी कोणत्याच माळ्यावर मावत नाही.

पैशाचे संकट : घरात धान्य आहे पण पैसा हाती येत नाही, ही अवस्था शहरी मध्यमवर्गाला अलीकडे दोनदा अनुभवावी लागली. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा रद्द झाल्या; घरात अडीअडचणीला ठेवलेली रोकडच त्या दिवशी अडचण ठरली. २०१९च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, पण निवृत्तीची सारी पुंजी एकाच सहकारी बँकेत ठेवणाऱ्यांचे हाल व्हायचे ते झाले. बँक अडचणीत आल्यास ठेवीदाराला मिळणाऱ्या ठेवविम्याची मर्यादा १९९३पासून १ लाख रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२०पासून ५ लाख झाली. २०२१च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम मिळावी अशी तरतूद आहे. मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आणि एका बँकेतील सर्व शाखांची खाती एकत्र धरून मोजली जाते. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत ठेव ठेवल्याने संरक्षण वाढत नाही, तरी असे करणारे पुष्कळ आहेत.

देशाचीच अर्थव्यवस्था कोसळल्याची उदाहरणे भारताबाहेरची आहेत. अर्जेंटिनात डिसेंबर २००१मध्ये आठवड्याला २५० पेसोंपेक्षा अधिक रोकड काढण्यास बंदी झाली. ग्रीसमध्ये २०१५च्या उन्हाळ्यात एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत. झिंबाब्वेने २००९च्या आरंभी १०० लाख कोटी डॉलरची नोट काढली आणि लवकरच आपले चलनच सोडून दिले. २०२२मध्ये श्रीलंकेत परकीय चलन संपल्याने पेट्रोल, गॅस, औषधे व दुधाची भुकटी यांसाठी रांगा लागल्या. या सर्व ठिकाणी दुकाने, शाळा आणि शेजारपाजार चालूच होते. सर्वनाश गृहीत धरून तळघरात वर्षांचे डबे आणि बंदुका जमवण्याची जी अमेरिकी हौस आहे, तिला अशा अर्धवट, रेंगाळणाऱ्या कोसळण्यात फारसा उपयोग नाही. उपयोग होतो तो कर्ज कमी असण्याचा, दोन बँकांत खाती असण्याचा आणि महिन्याभराचा किराणा घरात असण्याचा. सोने ही मराठी घराची जुनी बेगमी असून ते चलन पडले तरी किंमत राखते. मात्र सर्वजण एकदम विकायला निघाले की सराफ घट (खरेदीतील कपात) वाढवतो, आणि भाजीवाल्याला सोने देता येत नाही. म्हणून त्याचा खरा उपयोग तारणकर्जासाठी होतो.

बेगमी आणि साठेबाजी : दोहोंत मालाच्या प्रमाणापेक्षा खरेदीच्या वेळेचा फरक मोठा आहे. सुगीत भाव उतरलेले असताना वर्षाचे गहू घेणारे घर बाजारातील गर्दी कमी करते. २४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदीची घोषणा ऐकून दुकानावर धावलेली माणसे, त्यांचा हेतू काहीही असो, शेजाऱ्याचा वाटा उचलत होती. घरच्या साठ्यातील जुने आधी वापरून नवे मागे भरत राहणे हे बेगमी सांभाळण्याचे गमक आहे. घरात रोज खाल्ले जात नाही ते संकटासाठी भरले तर ते शेवटी किड्यांच्याच पोटात जाते. हा सगळा हिशेब बहुतांशी बायका ठेवत आल्या आहेत. उन्हाळ्यातील वाळवणे, कुरडया, पापड व सांडगे हे त्या कामाचे दिसणारे टोक होय.

साठवू न शकणारी घरे : हातावर पोट असणाऱ्या घराला बेगमीचा सल्ला देणे निरर्थक आहे. लहान शेतकरी देणी भागवण्यासाठी सुगीतच पडेल भावाने माल विकतो आणि पावसाळ्यात तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो. त्याची बेगमी सावकाराच्या कोठीत असते. अशा घरांचा आधार रेशन आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. पण मोठ्या माणसाला महिन्याला साधारण १० ते १२ किलो धान्य लागत असल्याने ५ किलोत अर्धाच महिना निघतो. काही ठिकाणी बचत गटांनी धान्य बँका चालवल्या आहेत : सुगीत प्रत्येकीने ठरावीक पायल्या (पायली हे धान्य मोजण्याचे जुने माप) जमा करायच्या, पावसाळ्यात उसन्या न्यायच्या आणि पुढच्या सुगीत थोड्या वाढाव्यासह परत करायच्या. गटातल्या सर्वांचे पीक एकाच वर्षी गेले की ही व्यवस्था अडते. आदिवासी कुटुंबांसाठी पावसाळ्यातील उपासमार टाळण्याकरिता राज्याची खावटी कर्ज योजना होती. करोनाकाळात, २०२० साली, तिचे अनुदानात रूपांतर करून प्रत्येक कुटुंबास ४,००० रुपये मंजूर झाले, त्यांपैकी २,००० रोख आणि २,००० वस्तुरूपाने; वस्तूंचे वाटप २०२१मध्येही चालू होते.