प्लॅनेरिया कापला की दोन का होतात?

क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर फिशटँकमध्ये कधीकधी त्रिकोणी डोक्याचा, तिरळा दिसणारा तपकिरी चपटकृमी येतो. हा प्लॅनेरिया. ब्लेडने खरवडू नका, तुटलेल्या तुकड्यांतूनही नवे कृमी होतात. रात्री बाटलीत मांसाचा तुकडा ठेवून ते अख्खे पकडलेले बरे.

१८९८ साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी नोंदवलं, की शरीराच्या १/२७९ एवढ्या तुकड्यातूनही पूर्ण प्लॅनेरिया घडतो. हे काम निओब्लास्ट नावाच्या मूलपेशींचं, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींचं. प्रौढ प्लॅनेरियाच्या शरीरात, जननपेशी सोडल्या तर, विभाजन फक्त त्यांचंच होतं. क्ष-किरणांनी त्या मारल्या तर जखम मिटते, पण नवा अवयव येत नाही आणि काही आठवड्यांत प्राणी मरतो. २०११ मध्ये अशा मरणपंथाला लागलेल्या प्लॅनेरियात एकच निओब्लास्ट सोडला गेला. काही प्राण्यांत त्या एका पेशीच्या वंशजांनी सगळ्या ऊती पुन्हा उभ्या केल्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे बघता येतं. प्राणी आठवडाभर उपाशी ठेवायचा, बर्फावर थंड करायचा म्हणजे वळवळ थांबते, आणि धारदार स्काल्पेलने एका झटक्यात आडवा छेद द्यायचा. नळाचं पाणी थेट वापरलं तर क्लोरीन घात करतं. तापमान २० अंशांच्या आसपास हवं. मुंबईच्या मे महिन्यात एसी नसेल तर तुकडे विरघळायला लागतात. तीन-चार दिवसांत कापलेल्या टोकाला पांढुरका कोंब दिसतो, आठवड्याभरात त्यावर डोळ्यांचे ठिपके. नुसत्या डोक्याच्या तुकड्याला तोंडच नसतं (ते पोटावर, शरीराच्या मध्याजवळ असतं), त्यामुळे तो जुन्याच ऊती मोडून नव्या घडवतो आणि आकाराने लहान होतो.

पण पेशी असणं पुरेसं नाही, कुठल्या टोकाला काय घडवायचं हेही कळायला हवं. पुढच्या टोकाच्या जखमेत नोटम हे प्रथिन ‘डब्ल्यूएनटी’ हा पेशीपेशींतला रासायनिक संकेत दाबतं, म्हणून तिथे डोकं येतं. मागे तो संकेत चालू राहतो आणि शेपूट येते. तो संकेत पेशीत पुढे नेणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन बंद पाडलं, तर शेपटीच्या जागीही डोकं उगवतं. मॉर्गनलाही फार आखूड काप घेतल्यावर दोन्ही टोकांना डोकी आलेले प्राणी मिळाले होते.

घरातल्या पालीकडे अशी सर्वसमर्थ पेशी नाही. तुटलेल्या जागेजवळच्या पेशी शेपूट परत घडवतात, पण आत मणके येत नाहीत, कूर्चेची सलग नळी येते. शेपूट सुटते ती मणक्यांतल्या ठरावीक कमकुवत जागी, आणि त्या नळीत तशा जागा नसतात. म्हणून दुसऱ्यांदा शेपूट सहसा आणखी वर, धडाच्या बाजूला, मूळ मणक्यांतच तुटते.