माळढोक आणि रानपिंगळा: लाल यादीतले दोन प्रवास

माळढोक आणि रानपिंगळा यांच्यात नाते म्हणावे असे काही नाही. एक गवताळ माळावर पायी हिंडणारा, नर १५ किलोपर्यंत भरणारा भारदस्त पक्षी. दुसरा सातपुड्यातील सागाच्या जंगलात दिवसाढवळ्या शिकार करणारा वीतभर पिंगळा. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जीवांच्या यादीत) २०११ साली माळढोक 'संकटग्रस्त' वर्गातून 'अतिसंकटग्रस्त' वर्गात घसरला आणि २०१८ साली रानपिंगळ्याने नेमका उलटा प्रवास केला.

रानपिंगळ्याची हकिकत एखाद्या तपासकथेसारखी आहे. १८७३ मध्ये पक्षिअभ्यासक ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले, पण १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावाच मिळेना. १९१४ चा म्हणून मिरवला जाणारा एक नमुना (जतन केलेला पक्षी) ब्रिटिश संग्राहक माइनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला. ही लबाडी उघड करणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर जाऊन नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा शोधून काढला. पुढे मेळघाट, यावल आणि थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसापर्यंत तो आढळला. म्हणजे त्याचा वर्ग बदलला तो जंगल सुधारले म्हणून नव्हे, तर शोधणारे वाढले म्हणून. ज्यांच्या ढोलीत तो घरटे करतो ती जुनी झाडे आजही तोडली जातातच.

माळढोकाच्या बाबतीत मात्र अशी सुखद चूक निघण्याची आशा फारशी नाही, कारण उघड्या माळावरचा एवढा मोठा पक्षी नजरेतून सुटणे अवघड. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिवाय डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते, आणि विजेची तार दिसली तरी इतके वजन ऐनवेळी वळवणे जमत नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झाले, तरीही आज उरलेले सुमारे दीडशे पक्षी मुख्यतः जैसलमेरच्या परिसरात आहेत. माळरानाला 'पडीक' म्हणण्याची आपली सवयही त्याला भोवली, असे मला वाटते.

जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून रानातली अंडी उचलून, ती उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका केंद्रातील नराचे वीर्य दुसऱ्या केंद्रातील मादीपर्यंत नेऊन कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्माला आले.