‘सुईचं नेढं’ नावाचा दरवाजा नव्हताच

उंट सुईच्या नेढ्यातून जाईल, पण श्रीमंताला देवाच्या राज्यात जाणं त्याहून अवघड, असं येशू म्हणाला. त्यावर कोल्हापुरातही प्रार्थनासभांत हमखास ऐकायला मिळतं, की यरुशलेमला याच नावाचा बुटका दरवाजा होता. ओझं उतरवून उंट गुडघ्यांवर आत जायचा. म्हणजे श्रीमंतानं जरा वाकलं की भागलं!

त्या काळात असा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. ही कथा दिसते ती शेकडो वर्षांनंतर, मध्ययुगीन भाष्यांत. यहुद्यांच्या तालमूद या धर्मग्रंथात तर नेढ्यातून हत्ती जाण्याचा दाखला आहे, तोही अशक्य याच अर्थानं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मणी ओवणाऱ्या पटवेकऱ्याची सुई आठवा, दोरा घालतानाच डोळे बारीक होतात. येशूनं सांगितलं ते अशाच सुईबद्दल. म्हणून तर शिष्य हादरले: मग तारण कोणाचं? माणसांना अशक्य, देवाला नाही, असं उत्तर बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (१०:२७) आहे.

या दरवाजानं आपली मोठी सोय केली, याचं मला फार वाईट वाटतं. प्लॉट, सोनं, एफडी आधी. देवाचं आणि गरिबाचं उरलं तर. लूकच्या १९ व्या अध्यायातल्या श्रीमंत जक्कयानं मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं.