एका रुग्णापुरतं औषध

औषधांच्या धंद्याचा जुना हिशेब सोपा होता. पहिली गोळी बनवायला अफाट खर्च, दुसरी काही पैशांत. पेटंट असेपर्यंत शोधणाऱ्या कंपनीने तो खर्च वसूल करायचा, पेटंट संपलं की इतरांनी तोच रेणू स्वस्तात काढायचा. भारतातला औषध उद्योग या हिशेबावरच वाढला. 1970 च्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला होतं. 2005 पर्यंत आपले रसायनतज्ज्ञ वेगळ्या वाटेने त्याच रेणूपर्यंत पोहोचत राहिले.

कर्करोगावरच्या कार-टी या नव्या उपचारात हा हिशेब चालत नाही, कारण इथे दुसरी गोळी नसतेच.

रुग्णाच्या रक्तातून टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. त्यामुळे या पेशींना सीडी19 हे प्रथिन ओळखता येतं. ते बी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असतं, आणि काही ल्युकेमिया व लिम्फोमा याच पेशींचे कर्करोग आहेत. बदललेल्या पेशी वाढवून, तपासून, शिरेवाटे त्याच रुग्णाला परत देतात. शरीरात त्या स्वतः वाढतात आणि कर्करोगाच्या पेशी मारतात. निरोगी बी पेशीही त्यात जातात, म्हणून रुग्णाला नंतर संसर्गापासून जपावं लागतं.

आता कंपनीच्या बाजूने पाहा. साठा करता येत नाही. वितरक आणि केमिस्टचं दुकान दोन्ही मधून गेली. केमोथेरपीने थकलेल्या पेशी नीट वाढल्या नाहीत, तर तो माल दुसऱ्या कोणाला देता येत नाही. आणि रुग्णाकडे थांबायला वेळ नसतो.

अमेरिकेत ऑगस्ट 2017 मध्ये नोव्हार्टिस कंपनीच्या किमरिया या कार-टी उपचाराला मंजुरी मिळाली, तेव्हा एका उपचाराची किंमत 4 लाख 75 हजार डॉलर होती. पेशी गोठवून न्यू जर्सीतल्या कारखान्यात जायच्या आणि तयार होऊन परत यायच्या. काही रुग्णांसाठी कंपनीने पहिल्या महिन्यात गुण आला तरच पैसे घेण्याची तयारी दाखवली. माझ्या मते किमतीपेक्षाही हा बदल मोठा आहे. गोळी विकली की कंपनीचं काम संपत असे; इथे रुग्ण बरा होतो की नाही, यात तिचेही पैसे अडकले.

मुंबईत वेगळी वाट निघाली. आयआयटी मुंबईतले राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाचे डॉक्टर यांनी मिळून नेक्सकार19 हे कार-टी औषध घडवलं. 4 जून 2021 ला खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात पहिल्या रुग्णाला ते दिलं गेलं. आयआयटीत जन्मलेल्या इम्युनोअ‍ॅक्ट कंपनीला ऑक्टोबर 2023 मध्ये त्यासाठी परवानगी मिळाली. सुरुवातीची किंमत साधारण 30 ते 40 लाख रुपये, म्हणजे अमेरिकेतल्या किमतीच्या जवळपास दहावा हिस्सा.

हे स्वस्त झालं ते नक्कल करून नव्हे. जनुक वाहून नेणारा विषाणू हा या उपचारातला फार महाग घटक. तो इथेच बनवला. पेशी परदेशी पाठवण्याचा प्रवास वाचला. सीडी19 ला पकडणारा तुकडा मूळचा उंदराच्या प्रतिपिंडातला असतो, तो इथे मानवी प्रथिनासारखा करून घेतला. 64 रुग्णांच्या चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले: तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे 73 टक्क्यांत प्रतिसाद दिसला.

तरी 30 लाख रुपये म्हणजे बहुतेक घरांसाठी जमीन किंवा घर विकण्याची रक्कम. ती आणखी खाली यावी, असं मनापासून वाटतं. जानेवारी 2025 मध्ये बंगळुरूच्या इम्यूनील कंपनीनेही आपला कार-टी उपचार बाजारात आणला. त्याचं तंत्र बार्सिलोनातल्या एका सार्वजनिक रुग्णालयातून आलेलं आहे. स्पर्धकांची यादी अशी बदलते आहे: औषध कंपन्यांसमोर आता रुग्णालयं आणि विद्यापीठं उभी आहेत.

मोठ्या कंपन्यांची नजर मात्र पुढच्या टप्प्यावर आहे. टी पेशी बाहेर न काढता शरीरातच बदलता आल्या तर? 2025 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने एसोबायोटेक ही कंपनी आणि अ‍ॅबव्हीने कॅप्स्टन ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं, ते यासाठीच. कॅप्स्टनची पद्धत आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू, भरलेल्या सूक्ष्म मेदकणांची आहे. ते कण हजारो रुग्णांसाठी एकदम बनवता येतात, कुपीत भरता येतात, साठवता येतात. प्रयोग अजून सुरुवातीचे आहेत. पण ते जमलं तर दुसरी गोळी परत येईल, आणि ती स्वस्तात बनवण्याचा सराव भारताइतका फार थोड्यांना आहे.