कॉन्ट्रा : सोलापुरातील खेळ

कॉन्ट्रा : सरकत्या पडद्यावर धावत गोळीबार करण्याचा जपानी व्हिडिओ गेम. कोनामी कंपनीने तो १९८७ मध्ये नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रासाठी काढला. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर तो १९८८ मध्ये आला. सोलापूरकरांना माहीत आहे तो हा दुसरा, निन्टेन्डोची नक्कल असलेल्या ‘टीव्ही गेम’वरचा, एकाच कॅसेटमध्ये इतर खेळांसोबत भरलेला. हा काळ ढोबळमानाने १९९० नंतरचे दशक मानावा.

नावाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. जपानीत हे नाव तीन चिनी लिपिचिन्हांनी लिहितात आणि गनिमी काव्यात निपुण असा लढवय्या, असा त्याचा अर्थ कंपनी देते. दुसऱ्या मताने ते मध्य अमेरिकेतील निकाराग्वात सँडिनिस्टा या डाव्या पक्षाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या ‘कॉन्ट्रा’ बंडखोरांवरून आले. अमेरिकी सरकारने इराणला चोरून शस्त्रे विकून त्या पैशातून या बंडखोरांना मदत केल्याचे इराण-कॉन्ट्रा प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघड झाले आणि खेळ त्यानंतर काही महिन्यांतच आला. शिवाय त्याच्या शेवटच्या धूनचे नावच ‘सँडिनिस्टा’ आहे. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. लिपिचिन्हे ध्वनी जुळवून मागाहून बसवली असावीत.

घरगुती आवृत्तीत आठ टप्पे आहेत. त्यांतला तिसरा, धबधब्याचा, आडवा नसून वर सरकतो. इथे पुढे उडी मारणाऱ्यामुळे पडदा वर जातो आणि खाली राहिलेला जोडीदार फुकट मरतो. सख्ख्या भावांची भांडणे व्हायची ती इथेच. पाच गोळ्या पंख्यासारख्या फेकणारे ‘एस’ हे हत्यार कोणी घ्यायचे हे आधी ठरवून घेत, कारण मेल्यावर ते हत्यार जाते. आपल्या लाइफ संपल्या की ‘ए’ बटण दाबून जोडीदाराची घेता येते. दोघांनी मिळून खेळण्याची खरी गोडी या उसनवारीतच आहे.

मुळात तीन लाइफ मिळतात. शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए असे दाबून खेळ सुरू केला की तीस होतात. ही क्लृप्ती काझुहिसा हाशिमोतो यांनी मूळ ‘ग्रॅडियस’ या खेळाच्या १९८६ मधील घरगुती आवृत्तीसाठी योजली होती. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा बोलींच्या या शहरात ती तोंडी पसरायला अडचण नव्हती. खेळातही वाचण्यासारखे जवळजवळ काही नाही.

खेळ साठवून ठेवण्याची सोय नाही. वीज गेली की पुन्हा पहिल्या, जंगलाच्या टप्प्यापासून सुरुवात. कॅसेट लागली नाही तर तिच्यात फुंकर मारण्याची रीत सर्वत्र होती. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या घरांत सुताचे तंतू आत गेले असतील असे समजून ती अधिकच जोराने मारली जाई. वास्तविक गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्याने. फुंकरीतल्या ओलाव्याने कॅसेटमधल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन त्या पुसणे उत्तम.