यंत्राचे पाय घरी आले, तरी

मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा आदेश पायांपर्यंत पोचत नाही. पायांची हाडे, सांधे आणि स्नायू मात्र जागेवरच असतात. यंत्रचलित एक्सोस्केलेटन, म्हणजे पायांना बाहेरून पट्ट्यांनी बांधायचा मोटारींचा सांगाडा, याच गोष्टीचा उपयोग करून घेते. कंबर आणि गुडघ्यांपाशी बसवलेल्या मोटारी पाय हलवतात आणि वापरणाऱ्याने धड किंचित पुढे झुकवले की तो कल ओळखून यंत्र पुढचे पाऊल टाकते. तोल मात्र ज्याचा त्यानेच कुबड्यांवर सांभाळायचा असतो, म्हणून हातांत आणि खांद्यांत ताकद लागते. रीवॉक या यंत्राचे जनक अमित गोफर यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय अपघातात अधू झाले होते. त्यामुळे त्यांनी बनवलेले पहिले यंत्र खुद्द त्यांनाच वापरता येत नव्हते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये रीवॉकला घरगुती वापराची परवानगी दिली, पण ती छातीच्या सातव्या मणक्यापासून कमरेच्या पाचव्या मणक्यापर्यंतच्या इजांसाठी, आणि प्रशिक्षित सोबती जवळ असेल तरच. माझ्या मते घरगुती वापराचे सगळे गणित या सोबत्यापाशीच अडते. रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट शेजारी उभा असतो. घरी ती जबाबदारी जोडीदारावर किंवा भावंडावर येते, आणि त्याला सवड नसेल तर यंत्र कोपऱ्यात पडून राहते. अमेरिकेत १६१ माजी सैनिकांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हीलचेअरच्या जोडीला हे यंत्र मिळालेल्या गटाचे जीवनमान नुसती व्हीलचेअर वापरणाऱ्यांपेक्षा लक्षणीय सुधारलेले दिसले नाही.

वेगाचीही मर्यादा आहेच. अनेक अभ्यासांत तो सरासरी सेकंदाला पाव मीटरच्या आसपास आढळला, तर निरोगी प्रौढ माणूस त्याच्या चौपटीहून अधिक वेगाने चालतो. त्यामुळे घरात ही चाल वाहतुकीपेक्षा व्यायाम म्हणून अधिक उपयोगी पडते, आणि समोरच्याशी उभ्याने, नजरेला नजर देऊन बोलता येणे हेही काही थोडे नाही.

इजेनंतर पायांवर भार न पडल्याने हाडे ठिसूळ होतात, म्हणून यंत्र वापरण्यापूर्वी हाडांची घनता तपासणे आवश्यक असते. एरवी साध्या पावलानेही हाड मोडू शकते. पट्टा कुठे रुतला तर संवेदना नसल्यामुळे ते कळत नाही. यंत्र उतरवल्यावर नडगी, घोटे आणि कंबर यांची त्वचा डोळ्यांनी, मागची बाजू आरशात, तपासावी लागते. लाली ओसरत नसेल, तर पट्ट्यांची मापे तज्ज्ञाकडून दुरुस्त होईपर्यंत यंत्र पुन्हा चढवू नये.